निकम मॅडमचा ग्रीक मुखवटा

निकम मॅडम गेल्या तेव्हा आमचं एकोणिसावं शतक निम्मं झालं होतं. युरोपातल्या नाटकघरांत गॅसचे दिवे लागले होते, प्रेक्षकांवरचा उजेड अजून मालवायचा होता, आणि पुढच्या तासाला त्या आम्हाला रंगमंचावरच्या खोलीची चौथी भिंत कशी नाहीशी झाली ते सांगणार होत्या. बुधवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या, ऑकलंडच्या, वाण्याच्या दुकानात, दुधाची बाटली हातात धरून रांगेत उभी होते आणि त्यांच्या मुलाचा, अभिजितचा फोन आला. "रेवतीताई, आई पहाटे गेली." मी म्हणाले, "बरं." बरं! एवढं मोठं माणूस गेलं आणि माझ्या तोंडून काय निघालं तर बरं... मग गाडीत येऊन बसले आणि मला असा काही राग आला की विचारू नका. कुणाचा, ते आजही नीट सांगता यायचं नाही. बहुतेक मॅडमचाच. ग्रीसपासून पावणेदोन वर्षं आम्हाला हाताला धरून चालवत आणलं आणि ऐन रंगात आल्यावर सोडून गेल्या. याला आता सहा आठवडे झाले. राग ओसरलाय आणि रडूही बरंचसं येऊन गेलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

शालिनी निकम नाशिकच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवायच्या, त्यातही नाटकाचा पेपर त्यांचा. निकम सर गेल्यावर अभिजितने त्यांना इकडे न्यूझीलंडला, ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरात आणलं. तिथली ती नवी वसाहत, सगळी घरं एका साच्यातून काढलेली. पहिल्याच आठवड्यात मॅडम फिरून आल्या आणि पंधरा मिनिटं शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावत उभ्या राहिल्या. घरातल्या सामोअन आजींनी दार उघडून त्यांना आत बोलावलं, चहा पाजला आणि मग हाताला धरून घरी पोचवलं. मॅडम हे स्वतःच रंगवून सांगायच्या. "फार्समध्ये दारं चुकतात तशी चुकले गं मी," म्हणायच्या.

माझी आणि त्यांची पहिली भेट मात्र भांडणाची. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला आम्ही एक एकांकिका बसवली होती. मी त्यात सासू. नाटक संपलं तसा जो तो 'मस्त झालं', 'हीप्स ऑफ फन' म्हणत वडापावच्या रांगेला लागला, आणि सुती साडी, वर मुलाचं फुगीर जाकीट, पायांत पांढरे बूट अशी एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही चौघं एकमेकांशी छान बोललात. आमच्याशी मात्र कोणीच बोललं नाही." मी मुळात तापट. त्यात डोक्यावर सासूचा विग, तो टोचत होता. मी म्हटलं, "नाटकात माणसं एकमेकांशीच बोलतात ना हो?" "हल्ली," बाई शांतपणे म्हणाली. "गेली दीडशे-एक वर्षं. त्याआधी दोन हजार वर्षं नट लोकांकडे बघून बोलायचा. मधे काय बिनसलं, सांगू?" आणि माझा वडापाव थंडगार होईपर्यंत सांगितलं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, एका खडूस म्हातारीने माझ्या नाटकाची पार वाट लावली. दुसऱ्या दिवशी मीच अभिजितकडून तिचा नंबर मागून घेतला.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी शनिवारी आमच्या हिल्सबरोच्या घरी, गॅरेजमध्ये, युरोपच्या रंगभूमीचा तास सुरू झाला. आम्ही नऊजण, बहुतेक आयटीतले, एक दाताची डॉक्टर, आणि मॅडमची नात तन्वी, जिला आजीला सोबत म्हणून पाठवलेलं असायचं. नवऱ्याने कुरकुरत गाडी बाहेर काढली. फळा नव्हता, तर मॅडमनी खडू घेऊन सरळ सिमेंटच्या जमिनीवर मोठं वर्तुळ काढलं आणि आम्हाला आत उभं केलं. "हे ग्रीक थिएटर. तुम्ही कोरस. एकत्र चाला, एकत्र वळा, एकत्र बोला." नऊ मराठी माणसं एकत्र बोलणार, म्हणजे कल्पना करा! आमचा तो कालवा ऐकून शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला, "किया ओरा, ऑल गुड?" असं माओरी नमस्कारासकट काळजीने विचारून गेला. मॅडम म्हणाल्या, "आपला पहिला प्रेक्षक. नीट करा रे."

त्यांच्यासारखं शिकवणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि मी शिकण्यात आयुष्याची वीस वर्षं घालवलीत. मध्ययुगात नाटक चर्चमधून रस्त्यावर आलं आणि कारागिरांच्या एकेका संघाने एकेक प्रसंग वाटून घेतला, हे सांगताना त्या म्हणाल्या, प्रलयातली नाव सुतारांकडे, शेवटचं जेवण पाववाल्यांकडे, गाड्या सजवायच्या आणि गावभर चौकाचौकांत नेऊन तोच खेळ करायचा. आमच्यातला एकजण पटकन म्हणाला, "म्हणजे गणपतीचे देखावेच की, मॅडम!" मॅडम इतक्या खूश झाल्या की त्याला दोन लाडू जास्त दिले. इटलीच्या मुखवटेवाल्या फिरत्या कंपन्यांच्या तासाला त्यांनी पाच ओळींचं कथानक लिहून पाने-पकडी टांगायच्या फळीवर चिकटवलं आणि म्हणाल्या, संवाद लिहिलेले नाहीत, तुमचे तुम्ही बोला, त्यांची माणसं अशीच उभी राहायची. आम्ही शिकलेसवरलेले लोक ढिम्म. तमाशातला सोंगाड्या काय ताकदीचा गडी असतो ते मला त्या दिवशी कळलं. मग इंग्लंड आलं. भर दुपारी उघड्या आकाशाखाली होणारे खेळ, पुढे उभं राहून आरडाओरडा करणारी गर्दी, बायकांच्या भूमिकेत मिसरूड न फुटलेली मुलं. त्यानंतर फ्रान्सचे दरबार आणि मेणबत्त्या. मॅडमच्या आवाजात त्या मेणबत्त्यांचा वास यायचा हो, खरंच सांगते. आणि हे सगळं सांगणाऱ्या बाईने युरोपात पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांच्या पासपोर्टवर न्यूझीलंड सोडून एकही शिक्का नव्हता. मी विचारलं, एकदा जाऊन यायचं का? तर म्हणाल्या, "आता गुडघे दुखतात. आणि मला ते सगळं पाठ आहे गं."

पाठ आहे... हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांना खरोखर सगळं पाठ होतं. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर तयार. आम्हाला त्याचं भयंकर कौतुक वाटायचं. मीसुद्धा ऑफिसात रोज मातीचे नमुने तपासल्याशिवाय कुणाच्या शब्दावर पाया घालू देत नाही, पण मॅडमचं वाक्य मी कधी तपासलं नाही. एकदा आम्ही त्यांना माउंट ईडनच्या टेकडीवर नेलं. वरून खाली ज्वालामुखीचं ते हिरवंगार विवर दिसलं आणि मॅडम लहान मुलीसारख्या टाळ्या पिटायला लागल्या. "अगं, हे तयार थिएटर आहे! चल, मी खाली उतरते, तू इथून ऐक." मी पाटी दाखवली. माओरी लोकांना ते विवर पवित्र आहे, खाली उतरायचं नाही. मॅडमनी तिथल्या तिथे हात जोडले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पण उतारावरून आवाज कसा चढतो ते आपल्या कानांनी ऐकायचं, हे त्यांच्या डोक्यात बसलं.

तो योग आला गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारीत. तन्वीने शाळेच्या ड्रामासाठी कागदाच्या लगद्याचा एक ग्रीक मुखवटा केला, चांगला मोठा, उघड्या तोंडाचा. मॅडमना हर्षवायू व्हायचा बाकी होता. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की ग्रीक मुखवट्याचं तोंड कर्ण्यासारखं असायचं, त्याने आवाज मोठा व्हायचा आणि हजारो लोकांपर्यंत पोचायचा. आता प्रात्यक्षिक! हिल्सबरोला खाडीच्या बाजूला गवताचा एक छान उतार आहे, तिथे आम्ही सगळे डबे घेऊन गेलो. आम्ही वर बसलो, मॅडम खाली सपाटीवर. आधी त्यांनी मुखवटा न घालता चार वाक्यं म्हटली. काय खणखणीत आवाज! अक्षर न् अक्षर कळलं. मग मुखवटा चढवला आणि तीच वाक्यं म्हटली... आम्हाला नुसतं हूं हूं ऐकू आलं. "वारा फिरला," मॅडम म्हणाल्या. पुन्हा केलं. मग तन्वीला घालायला लावला. मग मला. आत माझाच आवाज माझ्या कानठळ्या बसवत होता आणि वर बसलेले लोक कानामागे हात धरून 'काय? काय?' करत होते. तन्वी म्हणाली, "आजी, इट्स लाइक टॉकिंग इन अ बकेट." मी म्हटलं, जाऊ दे मॅडम, लगद्याचा आहे, तो ग्रीक लोकांचा वेगळा असेल. सगळे हसत डबे उघडायला लागले. मॅडम मुखवटा मांडीवर घेऊन गवतात बसून राहिल्या. मी थालीपीठ पुढे केलं तर हातात धरलं, खाल्लं नाही.

परत जाताना गाडीत त्यांनी मला काशिनाथची गोष्ट सांगितली. काशिनाथ भोये. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून नाशिकला शिकायला आलेला मुलगा, मागच्या बाकावर बसायचा. मॅडमनी वर्गात ग्रीक मुखवटे शिकवले आणि हा उठला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांची, राक्षसांची सोंगं घेतात. मीपण मुखवटा घालून नाचलोय. आतून कितीबी ओरडलं तरी बाहेर काही जात नाही, आपलाच आवाज आपल्या कानात घुमतो. म्हणून आमचं सोंग बोलत नाही, नाचतं." मॅडम त्याला म्हणाल्या, "ज्यांनी पुस्तक लिहिलंय त्यांनी ग्रीस पाहिलाय. तू काय पाहिलंयस?" वर्ग खो खो हसला. काशिनाथ खाली बसला आणि पुढची दोन वर्षं त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

"ग्रीस मी तरी कुठे पाहिला होता गं?" मॅडम म्हणाल्या. आम्ही मोटरवेवर होतो, ट्रॅफिक तुंबलेला. "तो मुखवटा घालून नाचलेला मुलगा होता. वर्गात एकच माणूस होतं ज्याला ते ठाऊक होतं, आणि त्यालाच मी गप्प बसवलं." मी नेहमीसारखं काहीतरी बोलले, तेव्हा सगळ्याच पुस्तकांत तसं होतं, तुमचा काय दोष वगैरे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गिअर चुकले. "पुस्तकाचा दोष पुस्तकाला. हसं मी केलं त्याचं. मला तो मुलगा शोधून दे, रेवती. त्याला सांगायचंय की तो बरोबर होता."

पुढच्या शनिवारपासून त्यांचा तास बदलला. शतकं तीच, गोष्टी त्याच, पण दर चार वाक्यांनी म्हणायच्या, "असं पुस्तकात आहे हं, मी पाहिलेलं नाही." अंक एवढेच लांब का, तर मेणबत्त्यांची काजळी काढायला थांबावं लागायचं म्हणून, हे सांगितलं आणि थांबल्या. "घरी मेणबत्ती लावून बघा, किती वेळ चालते ते." आमच्यातल्या दोघांनी खरंच लावून बघितली आणि पुढच्या वेळी तासभर वाद घातला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस आपली पद्धत बदलतं! मी पन्नाशीत आहे आणि अजून भांडी घासायची पद्धत बदललेली नाही.

शोध मात्र लागेना. मी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मिळवला, मॅडमनी स्वतः निरोप लिहिला. त्यावर गुलाबाची फुलं आली, हात जोडलेले आले, 'मॅडम, तुमच्यामुळे घडलो' असं आलं, रोजचे साठ गुड मॉर्निंग सुरू झाले, काशिनाथ काही आला नाही. मग एकाने लिहिलं, "कोण, तो बोहाडा? त्या दिवसानंतर आम्ही त्याला बोहाडाच म्हणायचो. हा हा." मॅडमनी ते वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मला त्या 'हा हा' करणाऱ्या माणसाला फोन करून चार शिव्या घालाव्याशा वाटल्या. मॅडम म्हणाल्या, "त्याला कशाला? हसायला मीच शिकवलं ना."

एप्रिलमध्ये मॅडमचं पोट दुखतंय म्हणून तपासलं तर कॅन्सर, तोही यकृतापर्यंत पसरलेला निघाला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, महिने मोजायचे. मग माझं आणि अभिजितचं वाजलं. तो म्हणाला, "रेवतीताई, आई जेवत नाहीये आणि तुम्ही तिला त्या काशिनाथच्या मागे लावलंय. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तो विसरलाही असेल." त्याचं चूक नव्हतं, आईचा जीव जपायला धडपडत होता बिचारा. पण मॅडमनी आतून ऐकलं. आवाज अजून खणखणीत होता. "अभिजित, तो विसरला असेल तर मी सुटले. नसेल विसरला तर?" दुसऱ्या दिवशी अभिजितनेच सुट्टी टाकली आणि सुरगाण्याच्या बाजूच्या एकेका शाळेला, पंचायतीला फोन लावत बसला. इथली दुपार म्हणजे तिथली सकाळ. आमचे शेवटचे तास मॅडमच्या पलंगाभोवती टाकानिनीलाच होत होते, आणि तास चालू असताना शेजारच्या खोलीतून अभिजितचा आवाज यायचा, "हॅलो, मी न्यूझीलंडहून बोलतोय... नाही नाही, फ्रॉड नाही!"

अभिजितच्या बाविसाव्या की तेविसाव्या फोनला काशिनाथ सापडला. तालुक्याच्या गावी एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. इंग्रजी! मॅडमना आम्ही हे आधी सांगितलंच नाही. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे त्याच्याकडे दुपारचे बारा, व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पन्नाशीचा, अर्धे केस पिकलेला गृहस्थ, मागे स्टाफरूमचं कपाट. मॅडमना बघून तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि उभाच राहिला. "मॅडम, ओळखलंत का?"

"काशिनाथ, बस," मॅडम म्हणाल्या. मग एका दमात, वर्गात सांगावं तसं सांगितलं. मुखवट्याने आवाज मोठा होत नाही. मी घालून बघितलं. तू बरोबर होतास, मी चूक होते, आणि वर तुझं हसं केलं. मला माफ कर. शेवटचे तीन शब्द म्हणताना त्यांना धाप लागली. तन्वीने उशी सरळ केली. ती पोरगी मराठीत एक शब्द बोलत नाही, पण तिला सगळं कळत होतं, डोळे भरून आलेले.

काशिनाथ आता खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "मॅडम, तो प्रश्न परीक्षेत आला होता. मी तुमचंच उत्तर लिहिलं. तुम्ही पैकीच्या पैकी दिले होते." मॅडमनी डोळे मिटले. "आणि मॅडम..." तो म्हणाला, "मी एकोणीस वर्षं पोरांना तेच शिकवतोय. मुखवट्यानं आवाज मोठा व्हायचा. माझ्या पाड्यावरची पोरं वर्गात असतात, बोहाड्यात नाचलेली. ती माझ्या तोंडाकडं बघतात. मी म्हणतो, लिहून घ्या."

मी आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली, पण असं वाक्य कुठल्याही रंगमंचावर ऐकलेलं नाही. मला वाटलं, झालं, आता या बाई कोसळणार, आपणच हा उद्योग केला. अभिजितने फोन बाजूला घ्यायला हात पुढे केला. मॅडमनी तो हात बाजूला सारला. डोळे उघडले आणि विचारलं, "उद्या तास आहे का तुझा?"

"आहे, मॅडम. साडेअकराला."

"मग उद्या मुखवटा घेऊन जा."

"देवाचं सोंग नाही आणता यायचं, मॅडम. ते पूजेशिवाय हलवत नाहीत. पण माझ्या भावानं लगद्याचं एक केलंय, पोरांना खेळायला. ते आणतो."

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "आणि मला कळव."

मी अशी किती माणसं पाहिलीत, ज्यांनी आपली चूक शेवटपर्यंत जाऊन निस्तरली? फारच थोडी, आणि त्यांत मी नाही. त्या रात्री घरी येताना मला मॅडमचा इतका अभिमान वाटत होता की मी गाडीत एकटी मोठमोठ्याने रडले. तीस वर्षांत ज्या गोष्टीची कुणी आठवणही काढली नव्हती ती त्यांनी स्वतःहून उकरून काढली, आणि ती उकरल्यावर आत आणखी मोठं काही निघालं, तर तेही अंगावर घेतलं. एवढ्या आजारपणात लोक औषधाच्या वेळा सांभाळतात. या बाईने पुढच्या दिवसाचा तास ठरवून दिला.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, व्हिडिओ आला. चार-पाच मिनिटांचा असेल, कुणा विद्यार्थ्याने मोबाइलवर काढलेला, पंख्याची घरघर आणि बाकांची आदळआपट. एक मुलगी रंगीत मुखवटा घालून काहीतरी बोलत होती आणि मागचे बाक ओरडत होते, "ऐकू येत नाही, सर!" मग तिने तो काढला, तेच वाक्य म्हटलं, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. काशिनाथ पुढे आला. म्हणाला, "हे मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. तुमच्या आधीच्या पोरांनाही. मला माहीत होतं, तरी सांगितलं." तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक काटकुळा मुलगा उठला. "सर, आवाजासाठी नव्हते, तर मग त्यांनी मुखवटे घातले तरी कशाला?"

"माहीत नाही," काशिनाथ म्हणाला. "तुला काय वाटतं?" आणि व्हिडिओ तिथेच तुटला.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. "मी असते तर तीन कारणं सांगितली असती. पाठ आहेत मला," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बत्तीस वर्षांत मी वर्गात एकदाही 'माहीत नाही' म्हणाले नाही गं." मी त्यांचा हात धरून बसले. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मोबाइलकडे बोट केलं. "पण तो मुलगा काय म्हणाला? ते आलंच नाही यात. विचार बरं काशिनाथला."

मी विचारलं. काशिनाथने लिहिलं, तो मुलगा म्हणाला, विचार करून सोमवारी सांगतो. सोमवारी त्यांच्याकडे अचानक सुट्टी निघाली, उत्तर लांबलं. मॅडमना आता पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागत होतं, माणसं ओळखायला वेळ लागायचा, दिवसातला बहुतेक वेळ त्या झोपूनच असत. मंगळवारी संध्याकाळी मी निघायला उठले तशी त्यांनी माझी बाही पकडली. मला वाटलं, पाणी हवंय. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"काय म्हणाला गं तो?"